चंदन, सहाण आणि विडिया

फ्लोअर प्लेनिंग मशीनचा ड्रम नीट भरला आहे की नाही, याची पहिली परीक्षा कानाने होते. दोन्ही हातांत धरून तो सावकाश फिरवला की आतले कटर खळखळत खाली पडले पाहिजेत. आवाज आला नाही, तर भरणाऱ्याने कुठेतरी एक वायसर जास्त घातला आहे किंवा एखादा कटर गंजून शाफ्टला चिकटला आहे. जराही न हलणारी, घट्ट बसलेली वस्तू म्हणजे चांगली वस्तू, ही रोजची समजूत इथे उलटी होते. वाजणारा ड्रम चांगला. मुका ड्रम पुन्हा उघडायचा.

यंत्र दिसायला गवत कापायच्या यंत्राचे दणकट भावंड. मागे दांडा, वर मोटर किंवा इंजिन, पोटात ड्रम. ते काँक्रीटची जमीन वरवर खरवडते. कोब्यावर चढवलेला जुना एपॉक्सी सुटत नाही, रस्त्यावरचा थर्मोप्लास्टिकचा पांढरा पट्टा काढायचा आहे, दोन स्लॅबच्या सांध्यावर कड वर आली आहे, उतार इतका गुळगुळीत झाला आहे की पाय घसरतो, अशा वेळी ते बाहेर येते. काम मराठी घरांना अनोळखी नाही. पाटा-वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत झाला, वाटण नुसते घसरू लागले, की आरोळी देत दारावरून जाणाऱ्याला थांबवून पाट्याला टाकी लावून घेतली जाई. प्लेनिंग मशीन जमिनीला टाकीच लावते. पूर्वी हेच काम गवंडी छिन्नी-हातोडी घेऊन, उकिडवे बसून, टाचे मारून करत. आजही लहान जागेत तसेच होते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे मराठी म्हण सांगते. तिच्यात घाव मोजले जातात ते दगडाचे आणि देवपणही त्यालाच मिळते. त्या घावांनी टाकीचे काय झाले, याची चौकशी म्हण करत नाही.

ती चौकशी करायला जबलपूर ही चांगली जागा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेले. १८७० मध्ये मुंबईहून आलेला आणि कोलकात्याहून आलेला असे दोन लोहमार्ग याच शहरात जुळले. १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, १९६९ मध्ये लष्करी वाहनांची व्हेइकल फॅक्टरी. खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला. भोसल्यांच्या राज्यात, मग रेल्वेत, मग कारखान्यांत अशा निमित्तांनी इथे आलेल्या मराठी घरांनी नर्मदेकाठी मूळ धरले. अवजड यंत्रे, तेल आणि लोखंडाची ने-आण जिथे असते तिथे जमिनीचा प्रश्न असतोच. आणि अशा शहरात अवजाराची पूजा वर्षातून दोनदा होऊ शकते. उत्तरेतल्या कारखान्यांच्या रिवाजाप्रमाणे १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची, आणि मराठी घरच्या वळणाप्रमाणे नवरात्रात खंडेनवमीची. त्या दिवशी पाना, हातोडी, लेथ, गाडी सगळ्यांना हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते, यंत्र बंद राहते.

प्लेनिंग मशीनच्या ड्रमलाही माळ पडेल. पण पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्या ड्रममधले जवळजवळ काहीच शिल्लक राहिलेले नसते. मग माळ कोणाला घातली होती?

ड्रमची रचना सांगायला सोपी आहे. दोन टोकांना दोन जाड पोलादी चकत्या, त्यांच्या कडेने चार किंवा सहा भोके, त्या भोकांतून आरपार जाणारे तितकेच शाफ्ट. प्रत्येक शाफ्टवर कटर ओवायचे, मध्ये वायसर घालायचे, पुन्हा कटर. कटर म्हणजे चांदणीसारखी चकती, पाच, सहा किंवा आठ टोकांची, टोकाटोकाला टंगस्टन कार्बाइड बसवलेली. लहान यंत्रातही असे पन्नासावर कटर सहज लागतात. ओवण्याची एक शिस्त असते. एका शाफ्टची सुरुवात कटरने केली तर शेजारच्याची वायसरने करायची, म्हणजे पहिल्याने सोडलेली फट दुसरा झाकतो आणि जमिनीवर पन्हळी उमटत नाहीत. समोरासमोरच्या शाफ्टवर कटरांची संख्या मात्र सारखी ठेवायची, नाहीतर तोल जातो. शेवटी शाफ्ट पूर्ण न भरता काही मिलिमीटर मोकळे ठेवायचे.

कटरचे भोक शाफ्टपेक्षा मुद्दाम मोठे असते. ड्रम भरधाव फिरू लागला की प्रत्येक कटर बाहेर फेकला जातो, टोकाने जमिनीवर आदळतो, उसळतो, जरासा फिरतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या टोकाने आदळतो. काम होते ते या मोकळेपणामुळे.

माळ कोणाला घातली, या प्रश्नाची जुनी आवृत्ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक राजाच्या नावावर आहे. मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद, भिक्षू नागसेनाला भेटतो. नागसेन त्याला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेर कबूल करतो, की या सगळ्यांच्या मेळाला व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. महाराष्ट्राला हा संवाद परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय मिलिंदाच्या नावाने ओळखले जाते आणि ते उभे आहे तो परिसर नागसेनवन म्हणून. राजा आणि भिक्षू, दोघांचीही नावे विद्यार्थ्यांच्या पत्त्यात आली.

नैयायिकांना नागसेनाचे उत्तर पटले नसते. गौतमाच्या न्यायसूत्रांत एक साधा युक्तिवाद आहे. वस्तूचे एक टोक धरून उचलले किंवा ओढले की सगळी वस्तू मागोमाग येते. सुट्या वाळूच्या ढिगाचे तसे होत नाही. मूठभर वाळू उचलली की मूठभरच हाती येते. म्हणून अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे सबंध वस्तू, खरोखरच असते. शास्त्रांच्या वर्गात हा वाद कोरडा वाटतो. ड्रम भरताना त्याला धार येते, कारण ड्रम दोन्ही बाजूंना थोडी थोडी साक्ष देतो. तो उचलला तर सगळा येतो, पण येताना आतून वाळूसारखा खळखळतो.

कटर बदलताना फिटर बौद्धांसारखा वागतो. ड्रम वगैरे काही नाही. हा झिजला, हा काढा, हा घाला. पण यंत्र चालू केल्यावर दांडा थरथरू लागला की तोच माणूस नैयायिक होतो. प्रत्येक कटर काढून तपासला तर एकही खराब सापडत नाही, शाफ्ट सरळ असतात, बेअरिंगही चांगले असते. चुकलेली असते ती ओवण. समोरासमोरच्या शाफ्टवर कटरांची संख्या कमीजास्त झालेली असते. ती थरथर कुठल्याही एका भागाची नसते, सबंध ड्रमची असते. भागांच्या यादीत जो दोष सापडत नाही तो कुठेतरी असतोच, आणि तो जिथे असतो त्याला काहीतरी नाव द्यावे लागते.

वैशेषिक त्याहून कडक. त्यांच्या मते घड्याचा टवका उडाला की जुना घट नष्ट होतो आणि उरतो तो नवा, खंडघट. कच्चे मडके आव्यात भाजले की ते परमाणूंपर्यंत विरते आणि लाल होऊन पुन्हा घडते, असेही ते म्हणत. मडके जसेच्या तसे राहून रंग बदलतो, असे नैयायिक उत्तर देत. वैशेषिकाच्या हिशेबाने प्लेनिंग मशीन एका पाळीत इतक्या वेळा मरते आणि जन्मते, की स्टोअरच्या वहीत तिला क्रमांक देणेच अवघड. वही मात्र नैयायिकाची असते. जबलपूरच्या कारखान्यांचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे गेली, खमरियाचा कारखाना पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. फाटकाच्या आतला माणूस आजही ‘जीसीएफ’ला कामाला जातो.

पण सारखेपणाच्या या वादात एक गोष्ट मागे राहते. रथ बसून राहत नाही, तो झिजतो. आणि झिजण्याबद्दल बुद्धाचा एक दृष्टान्त आहे, जो कुठल्याही कारागिराला लगेच कळेल. संयुत्त निकायात तो येतो. सुतार आपल्या तासणीच्या दांड्यावर स्वतःच्या बोटांचे ठसे पाहतो. आज दांडा इतका झिजला, काल इतका, परवा इतका, असे त्याला सांगता येत नाही. झिजून गेल्यावर मात्र तो झिजला हे कळते. बुद्ध हे मनातल्या मळाविषयी बोलतो आहे; साधना करणाऱ्याला रोजचा हिशेब दिसला नाही तरी मळ झिजत असतो, असे त्याचे सांगणे. दृष्टान्तातला दांडा मात्र खरा आहे, आणि त्यावरचा अंगठाही.

मराठीत झिजणे हा सद्गुण आहे. शाळामास्तर वारले की ते चंदनासारखे झिजले असे छापून येते. कार्यकर्ता, परिचारिका, आई, सगळ्यांना हाच शब्द. चंदनाचे खोड उगाळताना खरोखर काय होते, ते देवघरात बसून पाहिलेल्याला माहीत असते. खोड झिजते, गंध निघते, ते देवाच्या कपाळी लागते. खाली सहाण असते. तीही झिजते, मधोमध खोलगट होते. तिच्या झिजेला वास नाही, म्हणून तिचे कोणी नाव काढत नाही.

ड्रम सांभाळणारा माणूस झीज हा शब्द इतक्या सहज वापरत नाही, कारण त्याला दोन झिजा वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली कटरच्या टोकाची. तिच्या बदल्यात काँक्रीट निघते. ती झीज म्हणजेच काम. दुसरी कटरच्या भोकाची आणि शाफ्टची. भोक मोठे होत जाते, अंड्यासारखे लांबते, शाफ्टवर कड्यांसारख्या खाचा पडतात, टोकाच्या चकत्यांमधले बुश सैल होतात. या झिजेच्या बदल्यात जमिनीवर काहीही होत नाही. एक दिवस शाफ्ट तुटतो आणि भरधाव ड्रममध्ये सुटलेले पोलाद बाकीचे सगळे घेऊन जाते. म्हणून रोज काम संपल्यावर शाफ्टवरून नख फिरवायचे, खाच लागली तर बदलायचा, आणि एक बदलायचा तर सगळे बदलायचे. जुन्या कटरांत नवे मिसळायचे नाहीत. नवे आकाराने मोठे, सगळा मार तेच खातात आणि जुने नुसते फिरत राहतात. ठरावीक तासांनी ड्रम उलटा, डावीकडचा उजवीकडे, बसवायचा, म्हणजे झीज एकाच अंगावर पडत नाही.

दुसरी झीज वाढते ती बहुतेक वेळा घाईने. काम लवकर उरकावे म्हणून नवखा माणूस खोलीचे चाक फिरवून ड्रम खाली दाबतो. कटरची टोके जमिनीला नुसती टेकतील आणि त्याहून किंचित खाली, एवढीच खोली हवी. जास्त दाबले की कटरला उसळायला जागा उरत नाही, तो शाफ्ट आणि जमीन यांच्यात चेचला जातो, यंत्र उड्या मारू लागते. आवाज दुप्पट होतो, धूळ वाढते, बघणाऱ्याला वाटते काम जोरात आहे. निघालेले काँक्रीट मात्र तेवढेच असते, किंवा कमी.

हे वाचून मराठी वाचकाला आईचे गुडघे आठवले तर आश्चर्य नाही. चंदन म्हणून जिचा गौरव झाला तिच्या झिजेपैकी गंध किती आणि शाफ्टवरची खाच किती, हे घराने कधी पाहिलेले नसते. दोन्ही झिजांना एकच शब्द असला की दुसरी पहिलीच्या पुण्याईवर खपून जाते.

कार्बाइडची स्वतःची झीजही पाहण्यासारखी आहे. मराठी कामगार त्याला कार्बाइड क्वचितच म्हणतो. त्याचा शब्द ‘विडिया’. जर्मनीत कार्ल श्रोटरने १९२३ मध्ये या मिश्रणाचे पेटंट घेतले आणि क्रुप कंपनीने १९२६ पासून ते विडिया या नावाने विकले. हिऱ्यासारखा, अशा अर्थाच्या दोन जर्मन शब्दांतून ते नाव बनले. संस्कृतात हिऱ्याला वज्र म्हणतात आणि इंद्राच्या शस्त्रालाही. ते शस्त्र दधीचीने देह सोडून दिलेल्या हाडांचे, अशी कथा आहे. विडियाचे टोक सबंध एक वस्तू नसते. टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. काँक्रीटमधली वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, खनिजांच्या कठीणपणाच्या दहाच्या मापात सातवा. कार्बाइड नवाच्या आसपास. कठीण वस्तूने मऊ वस्तू जिंकायला हवी. पण वाळू कार्बाइडच्या कणांच्या वाटेला न जाता त्यांच्यामधले मऊ कोबाल्ट खरवडून काढते. धरणारा गेला की कठीण कण आपोआप गळून पडतात.

झिजणाऱ्या पवित्र वस्तूचे काय करायचे, हा प्रश्न देवळांनाही चुकलेला नाही. पंढरपूरला विठोबाच्या पायांवर डोके टेकवण्याची रीत आहे, आणि शतकानुशतकांच्या स्पर्शाने दगडही झिजतो. मूर्तीला वज्रलेप करावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत मंदिर बंद असताना तो झाला. उज्जैनच्या महाकालाचे लिंग झिजते आहे, ही तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१७ मध्ये भाविकाने अर्ध्या लिटरपर्यंतच शुद्ध केलेले पाणी वाहावे अशी मर्यादा पुढे आली, आणि सप्टेंबर २०२० च्या निकालात भाविकांनी लिंग हाताने चोळू नये असे बजावले गेले. पुरीच्या जगन्नाथाची वाट वेगळी. तिथे देवाचा देह लाकडाचा, आणि नवकलेवराच्या वर्षी तो सबंध बदलतात. अलीकडे २०१५ मध्ये बदलला. आतला ब्रह्मपदार्थ मात्र सेवेकरी डोळे बांधून जुन्या मूर्तीतून काढून नव्या मूर्तीत ठेवतात.

पंढरपूर आणि उज्जैन झीज थांबवू पाहतात. पुरी ती गृहीत धरून बदलण्याचा विधी करते. ड्रमच्या भाषेत, एकीकडे शाफ्ट जपणे आहे, दुसरीकडे संच बदलणे. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. देव झिजतो हे कबूल करण्यात कोणाला पाप वाटले नाही, आणि झिजेला भाविकांचे प्रेमळ हातही कारण आहेत हे सांगायला न्यायालयही कचरले नाही.

अवजाराची गोष्ट त्याहून अवघड आहे, कारण अवजार दुसऱ्याच्या हातात असते. भगवद्गीता अर्जुनाला निमित्त व्हायला सांगते आणि असक्त राहून कर्म करायला. असक्त म्हणजे न चिकटलेला. ड्रममध्ये हा शब्द अगदी अक्षरशः लागू पडतो. गंजून शाफ्टला चिकटलेला कटर फिरत नाही, एकाच टोकावर मार खातो, ते टोक सपाट होते आणि कटर वाया जातो. मोकळा कटर मार खाऊनही सगळीकडून सारखा झिजतो. निष्काम कर्मयोगाला याहून नेमका नमुना शोधून सापडणार नाही. आणि इथेच थांबायला हवे, कारण कटर काय खरवडतो आहे हे कटर कधीच विचारत नाही.

जबलपूरच्या इतिहासात याचा एक अस्वस्थ करणारा दाखला आहे. १८३० च्या दशकात ठगांविरुद्धच्या मोहिमेचे एक मुख्य ठाणे हे शहर होते. विल्यम स्लीमनने माफीच्या साक्षीदार ठगांच्या जबान्या नोंदवल्या आणि पुढे त्यांच्यासाठी इथेच कारागिरीची शाळा चालवली. त्या नोंदींत कुदळीच्या पूजेचे वर्णन येते. प्रेते पुरायला खड्डा खणणारी ती कुदळ मंत्रांनी शुद्ध केली जाई, तिच्यावर हात ठेवून घेतलेली शपथ सर्वांत मोठी मानली जाई. स्लीमनच्या नोंदी किती विश्वासार्ह आहेत यावर आजचे इतिहासकार वाद घालतात. नोंदीतल्या कुदळीपुढचा प्रश्न मात्र त्या वादाने सुटत नाही. हळदकुंकू खंडेनवमीच्या पान्याला लागते तसे त्या कुदळीलाही लागू शकते. अवजार पवित्र झाल्याने काम पवित्र होत नाही.

जबलपूरला संस्कारधानी हे नाव विनोबा भाव्यांनी दिले, असे हे शहर अभिमानाने सांगते. त्याच विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबांनी ‘विकर्म’ या शब्दाचा आपला वेगळा अर्थ मांडला. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळणे म्हणजे विकर्म. ती जोड मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही. विनोबांच्या या अर्थाने ड्रम आणि ड्रम चालवणारा वेगळे पडतात. कटरला कर्म आहे, विकर्म नाही. आणि ज्याला मन आहे त्याला नुसते निमित्त हो म्हणणे, हे त्याला कटरच्या रांगेत बसवणे होऊ शकते.

तसे बसवलेली माणसे मध्य प्रदेशाला ठाऊक आहेत. झाबुआ, अलीराजपूर, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि फुफ्फुसात सिलिकाची धूळ घेऊन परतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ते पैसे देण्याचा आदेश दिला. काँक्रीटमधून उडणारी धूळही त्याच सिलिकाची. तिचे जे कण घातक, ते डोळ्यांना दिसत नाहीत. प्लेनिंग मशीनला व्हॅक्यूम जोडायचा असतो, नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लागतो, आणि अनेक ठिकाणी त्या जागी ओला गमछा असतो. दांड्यातून हातात उतरणाऱ्या कंपनांचे परिणाम वेगळेच. वर्षानुवर्षे अशी यंत्रे धरणाऱ्याची बोटे थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात, मग टोकांची जाणीव कमी होते. सिलिकोसिस असो की बोटांचा बधिरपणा, दोन्ही बुद्धाच्या सुताराच्या दांड्यासारखे. आज इतके झाले, काल इतके, असे दिसत नाही.

ही कुठली झीज? कामगाराची कमाई, त्याचे कौशल्य, उभे राहिलेले घर हे त्याच्या श्रमाच्या टोकाशी आहे; तिथली झीज त्याने पत्करलेली असू शकते. फुफ्फुस आणि बोटांच्या नसा शाफ्टच्या बाजूच्या आहेत. त्यांच्या बदल्यात जमिनीचा एक मिलिमीटरही जास्त निघत नाही. मास्कने आणि व्हॅक्यूमने काम कमी होत नाही, जसे ड्रम कमी दाबल्याने कमी होत नाही. चंदनाची उपमा इथे लावणारा माणूस, गंध कुठे निघाले ते दाखवू शकणार नाही.

जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदा संगमरवरी कड्यांमधून जाते. कडे तिनेच कापले. काठावरचे कारागीर त्याच मऊ दगडाच्या मूर्ती घडवून विकतात. वर टेकडीवर कलचुरींच्या काळातले चौसष्ट योगिनींचे गोल देऊळ आहे. त्यातल्या बहुतेक मूर्ती खंडित. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही असे शास्त्र सांगते, आणि तरीही माणसे चढून येतात, वाकून पाहतात. पात्रातले दगड पाण्याने घासून अंडाकृती होतात; त्यांना बाण म्हणतात आणि ते प्राणप्रतिष्ठेशिवाय पूजेला चालतात, अशी श्रद्धा आहे. मराठीत मात्र ‘नर्मदेतला गोटा’ ही शिवी आहे. जन्मभर पाण्यात राहून आतून कोरडा. एकाच दगडाला देवपणही मिळाले आणि टोमणाही.

ड्रमच्या देखभालीची वही साधी असते. कटर बदलल्याची तारीख, शाफ्ट, बुश, पट्टा, बेअरिंगला ग्रीस, ड्रम उलटा केला का. झिजलेले कटर एका डब्यात साठतात. विडियाचा भंगारात भाव लोखंडापेक्षा बराच जास्त, म्हणून डबा नीट जपला जातो. त्यातले कार्बाइड भंगारवाल्याकडून पुढे जाते, पुन्हा पावडर होते, पुन्हा कोणाच्या तरी टोकाला बसते. यंत्र धरणाऱ्याच्या छातीचा फोटो शेवटचा कधी काढला, यासाठी वहीत रकाना नसतो.

खंडेनवमीला ड्रम पुसून बाकावर ठेवतात. नवा संच भरलेला असतो, हलवला तर वाजतो. हळद, कुंकू, झेंडूची माळ. नारळ जमिनीवरच फोडायचा असतो, आणि जमीन नुकतीच प्लेन केलेली असेल तर नारळाचे पाणी एका जागी साचत नाही, बारीक खाचांतून सगळीकडे पसरते. कुंकवाने लाल झालेले बोट माणूस चिंधीला पुसतो, मग पुन्हा एकदा पुसतो, कारण पुसले गेले की नाही ते बोटाला नीट कळत नाही.